ज्यूलियस न्येरेरे : शेजारधर्माचे राजकारण

पारतंत्र्यातील देशाचा पुढारी स्वातंत्र्य लवकर मिळावे म्हणून झगडतो, ही जगरहाटी आहे. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असता ते थोडे लांबले तरी चालेल, असे म्हणणारा पुढारी विरळा. १९६० साली टांगानिकाचे नेते ज्यूलियस न्येरेरे यांनी नेमके हेच सुचविले. केनिया व युगांडा हे शेजारी देश त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली होते आणि त्यांची सुटका टांगानिकाच्या मागून होणार होती. तिन्ही देश एकाच वेळी मुक्त होऊन एका संघराज्यात येणार असतील, तर टांगानिकाने आपले स्वातंत्र्य काही काळ पुढे ढकलावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यामागील विचार साधा होता. प्रत्येक देशाला आपापला ध्वज, आपापली सेना, वकिलाती आणि मंत्रिपदे एकदा लाभली, की ती सोडून देण्यास सहसा कोणी राजी होत नाही. म्हणून सीमा पक्क्या होण्यापूर्वीच देश जोडले पाहिजेत. प्रस्ताव तडीस गेला नाही. परंतु शेजारी राष्ट्रांनी एकत्र कसे नांदावे आणि भांडण झालेच तर ते कसे मिटवावे, हा प्रश्न न्येरेरे यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनाला पुरून उरला. त्याची जी उत्तरे त्यांनी शोधली त्यांतील काही फसली, एक रणांगणावर द्यावे लागले, आणि काहींना त्यांच्या मृत्यूनंतर फळ आले.

न्येरेरे यांचा जन्म १३ एप्रिल १९२२ रोजी व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडील बुटियामा या खेड्यात झाला. वडील न्येरेरे बुरिटो हे झनाकी जमातीचे प्रमुख होते. आई मुगाया ही त्यांच्या अनेक पत्नींपैकी एक. जन्माच्या दिवशी जोराचा पाऊस झाला म्हणून पर्जन्याशी निगडित असलेल्या एका दैवताचे ‘कांबारागे’ हे नाव मुलाला मिळाले. झनाकी ही टांगानिकातील अगदी लहान जमात. या देशात शंभराहून अधिक जमाती नांदत होत्या आणि इतर सर्वांवर वरचढ ठरावी इतकी मोठी जमात त्यांत एकही नव्हती. केनियात किकुयू आणि लुओ यांची चढाओढ, तर युगांडात बुगांडाच्या प्राचीन राज्याचा दबदबा. टांगानिकाला असा अंतर्गत सुभा नव्हता, आणि एका लहानशा जमातीचा माणूस सर्वांचा नेता होऊ शकला याचे एक कारण येथे सापडते. दुसरे कारण भाषेचे. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी आणि तांड्यांनी देशाच्या अंतर्भागात नेलेली स्वाहिली सर्व जमातींना थोडीबहुत कळत असे, आणि ती कोणत्याही एका मोठ्या जमातीच्या मालकीची नव्हती.

कांबारागे बारा वर्षांचा असताना मुसोमा येथील शाळेत दाखल झाला. तेथून १९३७ साली ताबोराच्या सरकारी शाळेत आणि १९४३ साली कंपाला येथील मॅकेरेरे महाविद्यालयात तो गेला. त्याच वर्षी कॅथलिक पंथाची दीक्षा घेऊन त्याने ज्यूलियस हे नाव धारण केले. मॅकेरेरेत तिन्ही देशांतील निवडक तरुण एकाच वर्गात बसत, आणि पूर्व आफ्रिका हा एक प्रदेश आहे ही जाणीव पुस्तकांइतकीच या सहवासातून येत असे. अध्यापनाची पदविका घेऊन त्यांनी ताबोरा येथील मिशनच्या शाळेत शिकविले. १९४९ ते १९५२ या काळात एडिंबरो विद्यापीठात इतिहास व अर्थशास्त्र यांसारख्या विषयांचा अभ्यास करून एम. ए. ची पदवी मिळविली आणि परतल्यावर दार-एस-सलामजवळच्या पुगू येथे ते पुन्हा शिक्षक झाले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणत राहिले. मराठीतील ‘तालीम’ आणि ‘मालूम’ हे शब्द ज्या अरबी धातूपासून आले, त्याच धातूपासून हा स्वाहिली शब्द आला आहे. पदापेक्षा ही उपाधी त्यांना अधिक शोभली. समजावून सांगण्याची हौस आणि विद्यार्थ्याला उत्तर ठाऊक नसणारच अशी शिक्षकाची खात्री, या दोन्ही गोष्टी त्यांच्या राजकारणात अखेरपर्यंत दिसतात.

१९५३ साली ते टांगानिका आफ्रिकन असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि ७ जुलै १९५४ रोजी या संस्थेचे रूपांतर टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन, म्हणजेच ‘टानू’, या पक्षात झाले. टांगानिका ही पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनांची वसाहत होती आणि पुढे राष्ट्रसंघाच्या व संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ब्रिटन तिचा कारभार पाहत होते. या कायदेशीर स्थितीचा लाभ घेऊन न्येरेरे यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथील विश्वस्त मंडळापुढे आपल्या देशाची बाजू मांडली. त्याच सुमारास नोकरी आणि चळवळ यांपैकी एकाची निवड करणे भाग पडले आणि त्यांनी नोकरी सोडली. १९५८-५९ च्या निवडणुकीत प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकी, एक आशियाई आणि एक युरोपीय अशा तीन उमेदवारांना मत द्यावे, अशी विचित्र अट होती. पक्षातील अनेकांना बहिष्कार हवा होता. न्येरेरे यांनी ताबोराच्या अधिवेशनात त्यांचे मन वळविले, आणि वर्णभेद जपण्यासाठी रचलेल्या त्या पद्धतीतूनच ‘टानू’ ने व तिच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या तिन्ही वर्णांच्या उमेदवारांनी विजय मिळविला. १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा पक्षाच्या पदरात पडल्या. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला आणि न्येरेरे पंतप्रधान झाले. लगेचच जानेवारी १९६२ मध्ये पक्षबांधणीसाठी त्यांनी ते पद सोडले आणि वर्षअखेरीस प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष म्हणून ते परत आले.

ब्रिटिशांनी तिन्ही देशांच्या हाती जो वारसा ठेवला, तो आफ्रिकेत अन्यत्र क्वचितच आढळणारा होता. जकात एक, चलन एक, टपाल-तार, रेल्वे, बंदरे आणि विमानसेवा सामाईक. १९४८ पासून एक उच्चायोग आणि १९६१ पासून सामाईक सेवांची संघटना हा व्याप सांभाळीत असे. परंतु या एकत्र कुटुंबात वाटणी सारखी नव्हती. गोऱ्या वसाहतकऱ्यांमुळे भांडवल, बँका आणि कारखाने नैरोबीभोवती एकवटले होते. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वत्र सारखीच जकात असल्यामुळे टांगानिकाच्या शेतकऱ्याला केनियात बनलेला साबण किंवा सिगारेट महाग असूनही घ्यावी लागे. परदेशी मालावर मिळाली असती ती जकात टांगानिकाच्या तिजोरीत पडत नसे, आणि कारखान्याचे रोजगार केनियात राहत. सामाईक बाजारपेठ जितकी मुक्त, तितका आधीच पुढे असलेला भागीदार आणखी पुढे जातो, हा धडा न्येरेरे यांनी अनुभवातून घेतला. संघराज्य झाले तर एकाच सरकारला मागासलेल्या भागाकडे पैसा वळविता येईल. संघराज्य नसेल तर ही तूट कोण भरून काढणार, हा त्यांचा प्रश्न होता.

५ जून १९६३ रोजी नैरोबी येथे जोमो केन्याटा, मिल्टन ओबोटे आणि न्येरेरे यांनी त्याच वर्षी संघराज्य स्थापन करण्याचा मनोदय जाहीर केला. वर्ष सरले आणि मनोदय कागदावर राहिला. बुगांडाला आपले वेगळेपण गमवावयाचे नव्हते आणि ओबोटे यांना बुगांडाला दुखवावयाचे नव्हते. परराष्ट्रव्यवहार आणि कर्ज काढण्याचा अधिकार कोणाकडे असावा यावर एकमत होईना. केनियाला स्वातंत्र्य मिळताच तेथील घाई ओसरली. घानाचे क्वामे एन्क्रुमा अखिल आफ्रिकेच्या एकतेचे पुरस्कर्ते, आणि अशा प्रादेशिक संघांमुळे ती एकता लांबणीवर पडेल असे त्यांचे मत. न्येरेरे यांना मात्र घर आधी दोन-तीन खोल्यांचे बांधावे लागते असे वाटे. जुलै १९६४ मध्ये कैरो येथील आफ्रिकी एकता संघटनेच्या परिषदेत या दोघांचा उघड खटका उडाला. त्याच परिषदेत टांगानिकाच्या पुढाकाराने एक दूरगामी ठराव संमत झाला : वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमा कितीही कृत्रिम असल्या तरी स्वतंत्र राष्ट्रांनी त्या मान्य कराव्यात. जमातींच्या वस्तीप्रमाणे नकाशा पुन्हा आखू लागलो तर भांडणांना अंत राहणार नाही, ही त्यामागची धास्ती होती. सीमा पुसण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने सीमा राखण्याचा नियम घालून द्यावा, यात वरवर विसंगती भासते. परंतु ओढून घेतलेली भूमी आणि संमतीने जोडलेली भूमी यांत न्येरेरे फरक करीत होते.

संमतीने जोडलेल्या भूमीचे एक उदाहरण त्याच वर्षी घडले. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबार बेटावर क्रांती होऊन सुलतान पळाला, आणि काही दिवसांतच टांगानिकाच्या सैन्यात बंड होऊन ते शमविण्यास न्येरेरे यांना ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. या दुहेरी हादऱ्यानंतर २६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिका व झांझिबार यांचा संयोग झाला आणि पुढे त्याला टांझानिया हे नाव मिळाले. जनतेचा कौल न घेता दोन नेत्यांनी केलेला हा करार होता आणि बेटावरील नाराजी पुढे अनेकदा डोके वर काढीत राहिली. तरीही आफ्रिकेत दोन स्वतंत्र राज्यांचे असे एकीकरण टिकून राहिल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत.

मोठ्या संघराज्याची आशा मावळल्यावर न्येरेरे यांनी व्यवहार्य मार्ग धरला. १९६४ साली उद्योगांची वाटणी करण्याचा एक करार कंपालात झाला होता. केनियाने त्याला अंतिम मान्यता दिली नाही. १९६६ मध्ये तिन्ही देशांची चलने वेगळी झाली. घडी पूर्ण विस्कटण्यापूर्वी डॅनिश अर्थशास्त्रज्ञ केल्ड फिलिप यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने नवी योजना आखली, आणि ६ जून १९६७ रोजी कंपाला येथे पूर्व आफ्रिकी सहकार्याचा तह झाला. १ डिसेंबर १९६७ पासून पूर्व आफ्रिकी समुदाय अस्तित्वात आला. तहात मागासलेल्या भागीदारांचे दोन प्रकारे रक्षण केलेले होते. जो देश शेजाऱ्यांशी होणाऱ्या व्यापारात तुटीत असेल त्याला आपल्या नव्या कारखान्यांच्या संरक्षणासाठी शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित कर बसविता येत असे. आणि नव्या विकास बँकेच्या गुंतवणुकीपैकी टांझानिया व युगांडा यांना प्रत्येकी ३८.७५ टक्के, तर केनियाला २२.५ टक्के वाटा ठरला होता. कचेऱ्याही वाटून दिल्या : सचिवालय टांझानियातील अरूशा येथे, रेल्वे व विमानसेवा नैरोबीत, बंदरे दार-एस-सलामला, टपाल-तार आणि बँक कंपालात. सर्वांत वर तिन्ही राष्ट्राध्यक्षांची समिती. अंतिम निर्णय तिने एकमताने घ्यावयाचा. सारी इमारत या एका तुळईवर उभी होती.

२५ जानेवारी १९७१ रोजी ती तुळई मोडली. युगांडाचा सेनापती इदी अमीन याने ओबोटे यांना पदच्युत केले. न्येरेरे यांनी ओबोटे यांना आश्रय दिला आणि बंदुकीच्या बळावर सत्ता घेणाऱ्या अमीनबरोबर एका मेजावर बसण्यास नकार दिला. त्यानंतर तिन्ही अध्यक्षांची समिती पुन्हा कधीच भरली नाही. १९७२ मध्ये अमीनने युगांडातील भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांना देशाबाहेर काढले, तेव्हा आफ्रिकेतील बहुतेक नेते मूग गिळून बसले असता न्येरेरे यांनी हा उघड वंशद्वेष असल्याचे जाहीरपणे म्हटले. आदल्याच वर्षी त्यांच्या सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या होत्या आणि त्याची झळ मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना बसून त्यांच्यातील अनेकांनी टांझानिया सोडला होता, हेही नमूद केले पाहिजे. मात्र तो कायदा मालमत्तेवर बोट ठेवणारा होता आणि भारतीय वंशाचे अमीर जमाल हे त्या काळात अर्थमंत्रिपदी होते. सप्टेंबर १९७२ मध्ये ओबोटे यांच्या अनुयायांनी टांझानियातून युगांडावर केलेली चढाई फसली. सोमालियाच्या मध्यस्थीने मोगादिशू येथे समेट होऊन दोन्ही सैन्ये सीमेपासून मागे घेण्याचे ठरले. भांडण मात्र मिटले नाही.

अमीनशी बोलण्यास न्येरेरे यांनी दिलेला नकार नीतीला धरून होता. समुदायाला तो महागात पडला. अर्थात अमीन नसता तर समुदाय टिकला असता, असेही खात्रीने म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९६७ च्या अरूशा जाहीरनाम्याने टांझानियाने ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभावावर आधारलेल्या समाजवादाचा मार्ग धरला, बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे केले. केनियाने खाजगी भांडवलाला वाव दिला. दोन्ही देशांतील वृत्तपत्रे एकमेकांच्या व्यवस्थेवर टीकेचे आसूड ओढू लागली. १९७३ नंतर तेलाचे दर भडकले, परकी चलन आटले, आणि सामाईक महामंडळांच्या शाखांनी जमा केलेला पैसा मुख्य कचेरीकडे जाईनासा झाला. पर्यटनाचाही वाद होता : सेरेंगेटी आणि एन्गोरोंगोरो पाहावयास येणारे प्रवासी नैरोबीत उतरत व तेथूनच परत जात, म्हणून टांझानियाने किलिमांजारोजवळ स्वतःचा विमानतळ उभारला होता. १९७७ च्या आरंभी पूर्व आफ्रिकी विमानसेवा बंद पडली आणि केनियाने आपली कंपनी काढली. फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. त्याच वर्षी समुदायाचा अंत झाला. संघराज्यासाठी स्वातंत्र्यही लांबविण्यास तयार असलेल्या माणसाच्या सरकारनेच शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावले होते.

३० ऑक्टोबर १९७८ च्या सुमारास अमीनच्या सैन्याने कागेरा नदीच्या उत्तरेचा टांझानियाचा प्रदेश व्यापला आणि तो युगांडात सामील केल्याची घोषणा केली. १९६४ च्या ठरावाचा हा सरळ भंग होता. आफ्रिकी एकता संघटनेने आक्रमणाचा निषेध न करता दोन्ही बाजूंना समेटाचा उपदेश केला; न्येरेरे यांनी तो मानला नाही. टांझानियाच्या सैन्याने प्रथम आपली भूमी सोडविली आणि नंतर युगांडाच्या निर्वासितांसह पुढे कूच केले. लिबियाने अमीनच्या मदतीस धाडलेले सैनिकही निष्प्रभ ठरले आणि ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला पडले. एका जुलमी राजवटीचा शेवट झाला, पण शेजारी देशात शिरून तेथील सरकार उलथण्याचा पायंडाही पडला. संघटनेच्या त्या वर्षीच्या मनरोव्हिया परिषदेत सुदान व नायजेरिया यांच्या प्रमुखांनी यावर बोट ठेवले. युद्धाचा खर्च सुमारे ५० कोटी डॉलर झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आधीच पिचलेल्या टांझानियाला तो पेलण्यासारखा नव्हता. युगांडालाही शांतता लाभली नाही. डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीने ओबोटे परत आले आणि देश पुन्हा यादवीत लोटला गेला.

दक्षिणेकडे मात्र न्येरेरे यांचे सहकार्याचे राजकारण अधिक यशस्वी ठरले. १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांनी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारल्यावर समुद्रापासून दूर असलेल्या झांबियाच्या तांब्याची वाट अडली. जागतिक बँकेने रेल्वेचा प्रस्ताव लाभाचा नाही म्हणून नाकारला. तेव्हा टांझानिया व झांबिया यांनी चीनचे बिनव्याजी कर्ज घेऊन दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी असा सुमारे १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग १९७० ते १९७५ या काळात बांधून काढला. त्याआधीच, १९६८ मध्ये, तेलाची नळवाहिनी पुरी झाली होती. झांबिया, बोट्स्वाना, मोझांबिक, अँगोला आणि टांझानिया या ‘आघाडीवरील राष्ट्रां’चे अध्यक्षपद न्येरेरे यांच्याकडे होते. १ एप्रिल १९८० रोजी लुसाका येथे नऊ देशांनी दक्षिण आफ्रिकेवरील आर्थिक अवलंबन कमी करण्यासाठी जी समन्वय परिषद स्थापिली, तिची पूर्वतयारी आदल्या वर्षी अरूशातच झाली होती. या परिषदेने सामाईक बाजारपेठेचा हट्ट न धरता एकेका देशाकडे वाहतूक, ऊर्जा, अन्नसुरक्षा अशी एकेक जबाबदारी सोपविली. पूर्व आफ्रिकेत ठेचा खाऊन आलेले शहाणपण त्यात दिसते.

देशांतर्गत हिशेब इतका सुखद नाही. प्राथमिक शिक्षण व साक्षरता यांचा प्रसार झाला. स्वाहिली ही शाळेची, न्यायालयाची आणि संसदेची भाषा झाली. स्वतः अध्यक्षाने शेक्सपिअरची ‘ज्यूलियस सीझर’ व ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके स्वाहिलीत आणून तिचे सामर्थ्य दाखवून दिले. परंतु १९७३ ते १९७६ या काळात एक कोटीच्या आसपास लोकांना नव्या खेड्यांत वसविताना अनेक ठिकाणी बळाचा वापर झाला, घरे पाडली गेली, शेते दूर पडली आणि उत्पादन घटले. १९६५ पासून राज्य एकाच पक्षाचे होते आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा विरोधकांवर वापरला जाई. शेजारी राष्ट्रांच्या बाबतीत संमतीचा आग्रह धरणाऱ्या नेत्याने आपल्या शेतकऱ्यांची संमती गृहीत धरली, हा त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा दोष होय. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी स्वेच्छेने अध्यक्षपद सोडले. त्या काळच्या आफ्रिकेत ही घटना अपवादात्मक होती.

पद सोडण्यापूर्वी जुन्या भांडणाचा एक हिशेब त्यांनी चुकता केला. स्विस मुत्सद्दी व्हिक्टर उंब्रिख्त यांनी कित्येक वर्षे खपून मोडलेल्या समुदायाच्या मालमत्तेची आणि देण्याची यादी केली होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये टांझानिया-केनिया सीमा उघडली आणि १४ मे १९८४ रोजी अरूशा येथे वाटणीचा करार झाला : केनियाकडे ४२, टांझानियाकडे ३२ आणि युगांडाकडे २६ टक्के. त्याच करारात भविष्यातील सहकार्याच्या वाटा शोधण्याचे कलम घालण्यात आले. वाटणीच्या कागदावरच पुन्हा एकत्र येण्याचा शब्द लिहून ठेवणारे भाऊबंद क्वचितच भेटतात.

निवृत्तीनंतर १९८७ ते १९९० या काळात त्यांनी विकसनशील देशांच्या ‘दक्षिण आयोगा’चे अध्यक्षपद भूषविले, आयोगाचे महासचिव होते डॉ. मनमोहन सिंग. भारत सरकारने १९९५ साली सुरू केलेल्या गांधी शांतता पुरस्काराचे पहिले मानकरीही न्येरेरे हेच ठरले. शांततेच्या मार्गातील त्यांची सर्वांत खडतर कसोटी मात्र यानंतरच लागावयाची होती.

टांझानियाच्या पश्चिमेस असलेल्या बुरुंडी या लहानशा देशात बहुसंख्य हुटू आणि सैन्यावर पकड असलेले अल्पसंख्य तुत्सी यांच्यात अनेक वर्षे रक्तपात चालू होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये लोकनियुक्त अध्यक्ष मेल्शियर एनदादाये यांची सैनिकांनी हत्या केली आणि यादवी भडकली. लाखो निर्वासित पश्चिम टांझानियात येऊन राहिले; शेजाऱ्याच्या घराची आग आपल्या अंगणापर्यंत आली होती. १९९६ पासून न्येरेरे यांनी मध्यस्थीचे काम हाती घेतले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी मेजर प्येर बुयोया यांनी लष्करी बळावर सत्ता हस्तगत केली. आठवड्याच्या आत, ३१ जुलै रोजी, शेजारी राष्ट्रांचे प्रमुख अरूशा येथे जमले आणि त्यांनी बुरुंडीची आर्थिक नाकेबंदी पुकारली. बुरुंडीला समुद्रकिनारा नाही. त्याची कॉफी बाहेर पडते आणि त्याचे तेल आत येते ते शेजाऱ्यांच्या रस्त्यांवरून, टांगानिका सरोवरातून आणि किगोमा-दार-एस-सलाम लोहमार्गाने. हा परस्परांवरचा भरवसाच दबावाचे साधन बनला.

साधन दुधारी होते. नाकेबंदीने चोरटा व्यापार फोफावला, औषधे आणि खते महागली आणि त्याचा जाच राजधानीतील सत्ताधाऱ्यांपेक्षा गोरगरिबांना अधिक झाला. न्येरेरे पक्षपाती आहेत, मध्यस्थानेच शिक्षा करावी हे न्याय्य नव्हे, अशी बुयोया यांच्या गोटाची तक्रार होती आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तरी राजकीय पक्षांवरील व संसदेवरील बंदी लवकरच उठली, आणि जून १९९८ मध्ये अरूशा येथे सतरा पक्ष व गट एकत्र बसले. संघर्षाचे मूळ, राज्यव्यवस्था, सैन्याची फेररचना, पुनर्वसन अशा विषयांवर समित्या नेमल्या गेल्या. सैन्यात आणि सत्तेत कोणाचा किती वाटा, हा प्रश्न प्रथमच बंदुकीऐवजी मसुद्यातील शब्दांनी सोडविला जाऊ लागला. जानेवारी १९९९ मध्ये नाकेबंदी स्थगित झाली. प्रत्यक्ष रणात असलेल्या दोन प्रमुख सशस्त्र गटांना मात्र वाटाघाटींबाहेर ठेवण्यात आले होते. त्या चुकीची किंमत पुढे बुरुंडीच्या जनतेने अनेक वर्षे मोजली.

करार पाहण्यास न्येरेरे राहिले नाहीत. रक्ताच्या कर्करोगाने १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि बुटियामाच्या मातीत त्यांना पुरण्यात आले. सहा-सात आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर १९९९ रोजी, केनिया, युगांडा व टांझानिया यांनी अरूशा येथे नव्या पूर्व आफ्रिकी समुदायाच्या तहावर सह्या केल्या. ७ जुलै २००० रोजी तो अमलात आला. मध्यस्थीची धुरा नेल्सन मंडेला यांनी खांद्यावर घेतली आणि २८ ऑगस्ट २००० रोजी बुरुंडीचा शांतताकरार अरूशा येथेच झाला. लढाई थांबण्यास आणखी काही वर्षे लागली आणि २०१५ मध्ये अध्यक्षपदाच्या मुदतीवरून तो देश पुन्हा पेटला. पण त्या वेळीही वादी-प्रतिवादी दोघे या कराराच्याच कलमांचा अर्थ लावीत होते.

२००७ साली बुरुंडी आणि रुआंडा पूर्व आफ्रिकी समुदायाचे सदस्य झाले. पुढे दक्षिण सुदान, काँगो आणि सोमालिया यांचीही त्यात भर पडली. ज्या देशाची वाट एके काळी शेजाऱ्यांनी अडविली होती, तोच त्यांच्या जकात संघाचा भागीदार झाला. समुदायाचे राजकीय संघराज्य अद्याप झालेले नाही, आणि भागीदारांतील कुरबुरीही संपलेल्या नाहीत. १९६० साली न्येरेरे यांना जी भीती वाटली होती ती खरी ठरली : ध्वज आणि सिंहासने सोडणे कठीण असते. मात्र त्यांच्या आयुष्याने दुसरीही एक गोष्ट शिकविली. व्यापाराचे धागे भांडण टाळू शकत नाहीत, आणि विषम वाटणी झाली तर ते धागेच भांडणाचे कारण होतात. परंतु भांडून थकलेल्या शेजाऱ्यांना परत एका जागी आणावयाचे असेल, तर बंदर, लोहमार्ग आणि बाजार यांच्याइतके भक्कम निमित्त दुसरे नसते. त्या निमित्तासाठी बैठकीची एक जागा मात्र कायम राखावी लागते. अरूशा हे गाव अशी जागा झाले, यात न्येरेरे यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.